मॉर्टनसाहेबाचा अहवाल

१ फेब्रुवारी १९६१, बुधवार

आजचे भाषण रंगले. सुरुवात आठवते आहे तोवर उतरवून ठेवतो.

"विद्यार्थी मित्रांनो आणि भगिनींनो, या सभागृहात बसलेल्या तुम्हां दोनशे जणांचे एक दुःख आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. तुम्ही पहाटे उठून वाचता, दोन-दोन बस बदलून कॉलेजात येता. आणि ज्याने वर्षभर पुस्तकाला हात लावलेला नाही, तो बाहीत चिटोरे घालून येतो आणि निकालाच्या यादीत तुमच्या वर बसतो. घाम तुमचा, गुण त्याचे. घरात चोर शिरला तर तुम्ही ओरडता, मग इथे गप्प का?"

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठ्या टाळ्या मागच्या बाकांवरून आल्या. चिटोरीवाले तिथेच बसतात.

नवी नियमावली प्राचार्यांनी मान्य केली. कलमे माझीच आहेत. यापुढे पूर्वपरीक्षेचे पेपर ज्याने शिकवले त्याने तपासायचे नाहीत. पहिल्या पानावर विद्यार्थ्याने सही करायची की यातले सर्व संदर्भ मी स्वतः पाहिले आहेत. ‘सरांनी वर्गात सांगितले’ हा आधार धरला जाणार नाही; पोपट पुष्कळ झाले. दोन पेपरांत शब्दशः तेच वाक्य निघाले आणि त्याचा आधार कुठेच सापडला नाही, तर दोन वर्षे परीक्षाबंदी. प्राचार्यांच्या मसुद्यात ‘पहिल्या अपराधास ताकीद’ असे एक मऊ कलम होते. ते मी खोडायला लावले. म्हटले, दया ही आळशी माणसाची न्यायबुद्धी असते.

आमच्या इतिहास विभागातल्या रघुपतीने एवढेच विचारले, "वर्गात आपण बोलतो त्याचं काय, त्रिविक्रमा? तिथं सही कोण करतो?" बारा वर्षे शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस, आणि हा प्रश्न. मी म्हणालो, शिक्षकाची सही त्याच्या अंतःकरणावर असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. रघुपती चष्मा पुसत बसला.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पूर्वपरीक्षा सुरू. एका मुलाच्या मोज्यातून दुष्काळाची कारणे निघाली. एकूण अकरा. मीही वर्गात नऊच सांगतो. पकडून दिला.

संध्याकाळी घरी बायकोने, सुलभाने, विचारले, "रडला का हो तो?" रडला. रडून काय होते?

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

रघुपतीने माझ्या वर्गाचे पेपर तपासले. आज दुपारी दोन पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आला, एक कावेरीचा, एक पद्माकरचा. प्रश्न होता म्हैसूर संस्थानातल्या १८७६-७८ च्या दुष्काळावरचा. दोघांनी एकच वाक्य लिहिले आहे: ‘कोलारचे मदत-अधिकारी कॅप्टन मॉर्टन आपल्या १८७७ च्या अहवालात म्हणतात, कोठारांत धान्य होते; तुटवडा होता तो लाजेचा.’

"अर्धविरामसुद्धा तोच," रघुपती म्हणाला. "आणि असा अहवाल नाही. असा कॅप्टनही नाही. मी दोन दिवस शोधतोय."

मला हसू आले. अरे, हे वाक्य मीच दर वर्षी सांगतो. आठ वर्षे सांगतो आहे. दुष्काळाच्या व्याख्यानात शेवटची दहा मिनिटे उरली की मी खडू खाली ठेवतो आणि हे वाक्य म्हणतो. वर्ग असा गप्प होतो की बाहेरची सायकलची घंटा ऐकू येते.

"तू तो अहवाल पाहिलायस?"

"पाहिल्याशिवाय सांगेन?"

"कुठं पाहिलास?"

मी संतापलो. माणसाने काय आयुष्यभर वाचलेल्या प्रत्येक पानात बोट घालून फिरायचे? ज्याला वाक्याचे तेज कळत नाही तो पान क्रमांक विचारतो. दोन दिवस शोधले म्हणे. रघुपतीला स्वतःचा चष्मा शोधायला दोन दिवस लागतात.

ते पान माझ्या डोळ्यांपुढे आहे. पिवळट कागद, डावी बाजू, खालून तिसरी ओळ.

२५ फेब्रुवारी, शनिवार

चौकशी समिती बसली. लिहिताना दोनदा पेन्सिलीचे टोक मोडले. रागाने.

आधी पद्माकरला बोलावले. वडील कारखान्यात इंजिनियर, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि एका दमात म्हणाला, "मी कावेरीच्या वहीतून पाठ केलं, सर. मला तो मॉर्टन कोण ते माहीत नाही. व्हेरी सॉरी." खरे बोलला म्हणून समितीने त्याला ताकीद देऊन सोडले. ताकीद? हे कलम तर आपण खोडले होते. मी तसे म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, "पोरगा सरळ आहे हो."

मग कावेरी. आनेकलहून रोज बसने येणारी, वर्गात पहिल्या बाकावर बसून मान वर न करता लिहून घेणारी मुलगी. तिला विचारले, "अहवाल कुठे पाहिलास?" ती गप्प. "सही तुझीच ना?" "हो." पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. एकदा माझ्याकडे बघितले आणि परत खाली.

मी उभा राहिलो. म्हणालो, वाक्य मी सांगितले आहे आणि ते शंभर टक्के खरे आहे. अध्यक्षांनी माझ्याच नियमावलीचे पान उलटून वाचले: शिक्षकाने वर्गात सांगितले हा आधार धरला जाणार नाही. रघुपतीने माझी अध्यापनाची नोंदवही उघडली. त्यात मी लिहिलेले: ‘दुष्काळ. कारणे, मदत, परिणाम.’ मॉर्टनचे नाव नाही. इंग्रजीचे प्राध्यापक कागदावर रेघोट्या ओढत म्हणाले, "घरात तुमच्यासारखीच मराठी बोलणारी मुलगी आहे. माया असायचीच."

यावर मी पंधरा मिनिटे बोललो. आमचे घराणे तीनशे वर्षे या कानडी गावात आहे, या मातीचे पाणी प्यायलेल्या माणसाला आपले-परके शिकवता का, असे विचारले. शेवटी शेवटी मोजक्या शब्दांत सगळ्यांची सालटी काढली. कोणी हलले नाही.

निर्णय असा: ११ मार्चला समिती पुन्हा बसेल. तोवर अहवाल आणून दाखवला तर प्रश्न मिटला. नाही तर कावेरीने संदर्भ रचला असे धरून दोन वर्षे बंदी.

दाखवतो. समितीच्या टेबलावर आपटून दाखवतो.

२६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आमच्या जयनगरच्या घराच्या फाटकाशी एक माणूस बराच वेळ उभा होता. सुलभाने आत बोलावले. कावेरीचे वडील, गुंडो. आनेकलच्या बसथांब्याजवळ शिंप्याचे दुकान आहे.

"स्वल्प बोलायचं होतं, मेष्ट्रे," तो म्हणाला. मास्तरला इकडे मेष्ट्रेच म्हणतात. खुर्चीवर बसेना.

आनेकलच्या मुलींच्या शाळेत जूनपासून एक जागा आहे. मुख्याध्यापिकेने कावेरीसाठी अडवून ठेवली आहे, फक्त बी.ए. पास व्हायला हवे. दोन वर्षे कोणी अडवून ठेवणार नाही. "आणि घरात म्हणतात, लगीन करून टाका. हुब्बळ्ळीचं एक स्थळ दारात बसलंय. त्यांच्याकडं पोरीबाळी शिकवत नाहीत, शिवतात. मी अडवून धरलंय. किती दिवस धरू? तिच्यामागं धाकट्या दोघी बघत्यात, अक्काचं काय होतंय म्हणून."

"तिचा काही दोष नाही," मी म्हणालो.

"मला ठाऊक की. ती खोटं बोलत नाही, बोलली तर तिला ताप येतो. त्या इंग्रज सायबाचा कागद तुमच्याकडं असंल. तेवढा दाखवा, सगळं सरी होतंय, ठीक होतंय."

मी म्हटले, आठ दिवसांत कागद. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की जाता जाता त्याने माझ्या कोटाकडे निरखून पाहिले. "खांद्यात ओढतोय, मेष्ट्रे. कुणी शिवला? धाडून द्या, उसवून देतो."

एका सज्जन माणसाला रविवारचे दुकान बंद करून कागदासाठी दारोदार फिरावे लागते, आणि आपण त्याला शिक्षणसंस्था म्हणतो.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयात कृष्णात म्हणून एक जुना कारकून आहे. त्याने यादी काढली. "सर, १८७७ चे दुष्काळाचे अहवाल एवढेच. मॉर्टन नाही."

"नीट बघा."

"तीनदा बघितलं. पावसाळ्यातसुद्धा एकदा बघितलं होतं, कुणी विचारायला आलं होतं. कोलारला त्या साली एक कॅप्टन आहे, पण तो घोड्यांचा डॉक्टर. तो चालेल का?"

माझी चेष्टा करतो. यादी करणाऱ्यांनी निम्मे ग्रंथालय वगळलेले असते आणि मग त्या यादीलाच इतिहास म्हणतात.

२ मार्च, गुरुवार

सरकारी दप्तरखान्यात दोन दिवस घालवले. धुळीने घसा बसला आहे. अहवाल नाही.

आता मला कळले. नाही याचा अर्थ नष्ट केला. इतके धारदार वाक्य राज्यकर्ते कशाला जपून ठेवतील? त्यांनी तो अहवाल जाळला, आणि मॉर्टनचे नावही नोंदींतून काढून टाकले. अहवाल सापडत नाही हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा आहे. समितीपुढे मी हाच मुद्दा मांडणार. मसुदा लिहायला घेतला आहे, सुरुवात उत्तम जमली.

रघुपतीला हे सांगितले. तो म्हणाला, "मग तू कुठं वाचलास?" मी मसुदा उचलून निघालो. क्षुद्र माणसे अशाच प्रश्नांवर जगतात.

५ मार्च, रविवार

हे लिहावे की नाही याचा दुपारपासून विचार करतो आहे. लिहितो.

जेवणानंतर सुलभा रवा निवडत बसली होती. मी तिला समितीपुढचे भाषण वाचून दाखवत होतो. मॉर्टनचे वाक्य आले तशी ती म्हणाली, "हे वाक्य मला फार आवडतं. आपल्या लग्नाच्या वर्षी म्हणाला होतात."

"कुठे?"

"चामराजपेटेत, रेशनच्या सभेत. मी पहिल्या रांगेत बसले होते, नवी नवरी. बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या, इतकं छान बोललात."

"मॉर्टनचं म्हणून सांगितलं असेल."

"छे, मॉर्टन कुठला? दुकानदारांना म्हणालात, कोठारात धान्य आहे, तुटवडा आहे तो लाजेचा. मॉर्टन नंतर कधीतरी आला."

"म्हणजे मी खोटा?"

"मी कुठं म्हटलं तसं? वाक्य तुमचं आहे एवढंच म्हटलं. चांगलंच आहे की."

मी तिच्यावर ओरडलो. तिला इतिहासातले काय कळते, असे म्हणालो. ती रवा घेऊन आत गेली. मग केवळ तिचे खोडून काढण्यासाठी मी कपाटातून १९५२ ची दैनंदिनी काढली. १९ ऑक्टोबर. माझे अक्षर, तेव्हाची निळी शाई:

‘चामराजपेटेच्या सभेत ऐन वेळी एक वाक्य सुचले. लोक उठून उभे राहिले. वर्गातही वापरता येईल. माझे म्हणून सांगितले तर पोरे जांभया देतील. एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी घातले तर जोर येईल. कॅप्टन मॉर्टन? नाव बरे वाटते.’

खाली दोनदा रेघ ओढली आहे.

मला ते पान अजूनही दिसते. पिवळट कागद, खालून तिसरी ओळ. मी डोळे मिटले तरी दिसते, आणि ते कुठेही नाही.

६ मार्च, सोमवार

डोके दुखते असे कॉलेजला कळवले. दुखत नव्हते.

७ मार्च, मंगळवार

अध्यक्षांच्या खोलीत गेलो. समितीचे सगळेच होते. उभा राहून सांगितले: मॉर्टन मी निर्माण केला. अहवाल नाही, कधी नव्हता. मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला एवढाच तिचा अपराध. शिक्षा मला करा.

मग अध्यक्षांचे डोळे पाणावले. "त्रिविक्रमराव," ते म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. विद्यार्थिनीसाठी स्वतःवर घ्यायला निघालात. पण समितीला पुराव्यावर चालावं लागतं."

मी सांगितले, हाच पुरावा आहे, मी स्वतः. इंग्रजीचे प्राध्यापक हळूच म्हणाले, "त्या शनिवारी अहवाल खरा होता. आज खोटा झाला. उद्या काय होईल?" कोणीतरी चहा मागवला. मी जुनी दैनंदिनी पुढे केली. अध्यक्षांनी ती न उघडताच परत दिली, पाठीवर थोपटल्यासारखी.

आयुष्यात पहिल्यांदा मी एकही अलंकार न वापरता बोललो, आणि यांनी त्यालाच भाषण समजून दाद दिली. या लोकांना खरे कसे ओळखायचे तेसुद्धा ठाऊक नाही? मग स्वतःलाच विचारले, यांना ही सवय कोणी लावली.

बाहेर व्हरांड्यात रघुपतीने गाठले. "मला पटलं. पण मी एकटा पडतो. तुझी दैनंदिनी परवा बसून लिहिली म्हणतील. तुझ्या अक्षराला या कामात किंमत नाही. दुसऱ्यांचं अक्षर आण."

"कोणाचं?"

"आठ वर्षं तुझ्यासमोर बसून जे लिहून घेत होते, त्यांचं."

वर्गातल्या तिघांना थांबवून विचारले. तिघांचे उत्तर एकच, "आठवत नाही, सर." आठवते. चेहऱ्यावर दिसत होते. त्यांनीही पहिल्या पानावर सही केली आहे. मॉर्टन माहीत होता म्हटले तर आपलाही पेपर उघडतील ही भीती. ही माझ्या कलमाची भीती आहे. मी ते लिहिले त्या दिवशी मुले निर्भय होतील असे म्हणालो होतो.

९ मार्च, गुरुवार

कलासीपाळ्यहून बसने आनेकलला गेलो. कावेरी दुकानाच्या मागच्या खोलीत शर्टाला काजे करत होती. मला बघून उभी राहिली, पण हातातला शर्ट सोडला नाही. गुंडोने स्टूल दिले आणि दारातच थांबला.

मी तिला सांगितले. सगळे, १९५२ पासून.

तिने हातातले काज पुरे केले. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये मी वाचनालयात गेले होते, सर. तीन वेळा. तो अहवाल बघून यावं म्हटलं. मिळाला नाही."

"तेव्हा तर सहीचा नियमही नव्हता."

"तुम्ही वर्गात नेहमीच म्हणायचात, स्वतः बघा. म्हणून गेले. त्या कारकुनांनी यादी दाखवली. मला वाटलं मलाच शोधता येत नाही. आमच्याकडं पुस्तकं कुठं असतात."

"आणि तरी सही केलीस?"

"तुम्ही बघितलं होतं. मग मी बघितल्यासारखंच झालं की."

"समितीपुढं का बोलली नाहीस? मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही तिथंच बसला होतात, सर." तिने सुई शर्टात खोचली. "मिळत नाही हे मला माहीत होतं. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही खोटं..." ती थांबली.

मी म्हणालो की उद्या कॉलेजात सभा घेतो, असे बोलतो की समितीला...

"माझ्यासाठी भाषण करू नका, सर."

"का?"

"भाषण झालं की सगळे तुमच्याकडं बघतात."

खरे लिहायचे तर क्षणभर मला तिचा राग आला. एवढे अंतर बसने येऊन, एवढे कबूल करून, वर हे ऐकायचे. राग बसमध्ये होसूर रस्ता लागेपर्यंत टिकला. मग उतरला आणि त्याच्या जागी जे आले त्याला मी नाव देत नाही.

निघताना गुंडो कोटाबद्दल काही बोलला नाही. "बस साडेचारची आहे, मेष्ट्रे," एवढेच म्हणाला.

१० मार्च, शुक्रवार

सभागृह द्यायला प्राचार्यांनी नकार दिला. सायकल स्टँडच्या बाजूला झाडाखाली उभा राहून बोलायचे ठरवले आहे, मधल्या सुट्टीत. रघुपतीने शब्द दिला आहे की दुसऱ्या कोणाचा पेपर तो उघडणार नाही आणि उघडू देणार नाही. गेल्या वर्षांच्या सतरा विद्यार्थ्यांना कालच पोस्टकार्डे टाकली. त्यांवरही थोडक्यात हेच आहे: मॉर्टन खोटा होता, शनिवारी वही घेऊन या.

पहिला मसुदा फाडून टाकला. तो फार चांगला झाला होता. हा दुसरा:

"मित्रांनो, कावेरीने वाक्य रचले नाही. मी रचले. कॅप्टन मॉर्टन नावाचा माणूस नव्हता. मी तुम्हांला तो खरा म्हणून सांगितला, आठ वर्षे सांगितला, आणि तुम्हांला म्हणालो की ऐकीव गोष्ट लिहू नका. तुमच्यातल्या एकीने ते मानले. ती शोधायला गेली. तिला सापडले नाही, तेव्हा तिने माझ्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःवर घेतला. आता तिला दोन वर्षे बाहेर बसवणार आहेत.

समितीला माझे खरे वाटत नाही. माझ्या बोलण्याला टाळ्या मिळतात, विश्वास मिळत नाही. तो दोष माझा आहे. पण ते वाक्य तुमच्या वह्यांत आहे. तुमच्या अक्षरात, दुष्काळाच्या धड्याखाली, मी बोललो त्या तारखेला. तेवढे समितीला खोडता येणार नाही.

तुमच्यापैकी कोणाचाही पेपर पुन्हा उघडला जाणार नाही, तसा शब्द मिळाला आहे. माझी नोकरी जाईल म्हणून वही घरी ठेवू नका. ती जायलाच हवी. टाळ्या वाजवू नका. मला काही विचारू नका.

उद्या शनिवार. सकाळी साडेदहाला समिती प्राचार्यांच्या खोलीत बसते. इतिहासाची वही घेऊन या, ते पान उघडा आणि त्यांच्या टेबलावर ठेवा."